दामलेबाई आणि टँकरच्या चार शैली

माझे सासरे गेले त्या सकाळी दामलेबाई भेटायला आल्या, दारातच थांबल्या, हॉलभर नजर फिरवली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मंजिरी, ती डोक्यावरची ट्यूब बंद कर. आणि खिडकीचा डावा पडदा तेवढा सरकव."

हॉलमध्ये सासऱ्यांना खाली ठेवलं होतं. नातेवाईक भिंतीला टेकून बसले होते. मंजिरी रडत होती, पण ती इतकी गोंधळली की उठून तिनं ट्यूब बंद केली आणि पडदा सरकवला. डावीकडून सकाळचं ऊन आत आलं ते थेट सासऱ्यांच्या चेहऱ्यावर. बाकी सगळा हॉल अंधारात गेला.

"आता ठीक," दामलेबाई म्हणाल्या. "मघाशी सगळं सपाट होतं. बरोक गृहस्थ होते तुझे वडील. त्यांना ट्यूबखाली काय ठेवता?"

नमस्कार करून त्या निघून गेल्या. साताऱ्याहून आलेले मामा माझ्या कानाशी वाकले. "बरोक म्हणजे काय हो? जात आहे का?" मी म्हटलं, नाही. त्याहून जास्त मलाही सांगता आलं नसतं. सासऱ्यांच्या जाण्याचा धक्का होताच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तो दुसऱ्या नंबरवर गेला होता.

दामलेबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वारज्यातली आमची सोसायटी तशी साधी. नोकरदार माणसं, काही पेन्शनर, पाण्याची बोंब आणि पार्किंगची भांडणं. बाई एका चित्रकला महाविद्यालयात युरोपियन कलेचा इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. त्यातही बरोकपासून रोमँटिकपर्यंतचा काळ त्यांचा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं म्हणजे दुसऱ्याचं आवार, तिथे त्या पाऊल टाकत नाहीत. एकदा मी आपलं दोन शब्द बोलावेत म्हणून इम्प्रेशनिझमबद्दल काहीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "ते जोशीबाई घ्यायच्या. मला विचारू नका."

त्यांना जगातली कुठलीही गोष्ट एकटी बघवत नाही. तिच्या शेजारी दुसरी लागते. भाजीवाल्याकडे त्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या दोन हातांत धरून उभ्या राहतात आणि मागची रांग ताटकळते. लग्नाला गेल्या की परत येताना रिक्षात निकाल लागतो. "नवरी रोकोको, जेवण बरोक, आणि मुलाचे वडील निओक्लासिकल. एकदा तरी हसले का बघा." मंजिरीनं हौसेनं गुलाबी झालरीचे पडदे शिवून घेतले, तेव्हा दारातूनच बघून म्हणाल्या, "रोकोको आहे. वाईट नाही. पण धूळ फार धरतो."

एवढ्यावर होतं तोवर ठीक होतं. पार्किंगमधल्या प्रसंगानंतर मात्र अख्ख्या सोसायटीनं त्यांचा धसका घेतला. झालं असं, की आमचे चेअरमन घाटपांडे आणि तळमजल्यावरचा एक भाडेकरू यांची गाडी लावण्यावरून जुंपली. बोलाचाली वाढली, भाडेकरूनं घाटपांड्यांची कॉलर धरली, घाटपांड्यांनी हात उगारला. आम्ही पाचसहाजण भोवती, मधे पडायचं की नाही या विचारात. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. तसेच राहा."

दोघं खरोखर थांबले. दामलेबाई भाजीची पिशवी घेऊन पुढे आल्या. "घाटपांडे, हात आणखी जरा मागे घ्या. मान डावीकडे. हां. बघा वैद्य," हे मला, "कर्णावर बसलंय सगळं. या कोपऱ्यातली चप्पल ते त्या वरची मूठ. कुणी नुसतं उभं नाही. प्रत्येकजण एकतर पडतोय नाहीतर पडणाऱ्याला धरतोय. बरोक म्हणजे हेच. घडून गेलेलं नाही, घडणारही नाही, घडत असलेलं." मग त्या दोघांकडे वळून म्हणाल्या, "झालं. आता चालू द्या."

चालू द्यायला काही उरलंच नव्हतं. भाडेकरूनं कॉलर सोडली आणि तोच घाटपांड्यांना सॉरी म्हणाला. घाटपांडे घरी जाऊन बराच वेळ आरशासमोर उभे होते, असं त्यांच्या मिसेसनी मंजिरीला सांगितलं.

या प्रकाराचा घाटपांड्यांवर असा काही परिणाम झाला असावा, की सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या मीटिंगमध्ये त्यांनीच सुचवलं, यंदा फॅन्सी ड्रेस आणि अंताक्षरीच्या मधे दामलेबाईंचा एक कार्यक्रम ठेवू. बाईंनी लगेच होकार दिला. त्यांना भाषण करायचं नव्हतं. गणपतीत मंडळं करतात तसे जिवंत देखावे करायचे होते. विषय एकच, शैली चार.

"विषय काय घेणार?" घाटपांड्यांनी विचारलं. त्यांना बहुधा शिवाजी महाराज अपेक्षित होते.

"टँकर," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत असलेला दुसरा विषय सांगा."

कुणाला सांगता आला नाही. खाली बोर्डावर नोटीस लागली, 'बरोक ते रोमँटिक, सादरकर्त्या श्रीमती दामले'. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं, 'लहान मुलांना आणावे का?' घाटपांड्यांना घाम फुटला. ते बाईंच्या दारात गेले आणि म्हणाले, कौटुंबिक कार्यक्रम आहे, रोमँटिकच्या जागी दुसरं काही बसेल का. बाईंनी त्यांना दारातच उभं करून समजावलं, की या रोमँटिकमध्ये बाई नसते, बाग नसते, चुंबन तर नसतंच. एक माणूस असतो आणि वर भलंमोठं आभाळ. घाटपांड्यांना हे जास्तच भीतिदायक वाटलं, पण ते गप्प खाली आले.

दारातच म्हणालो ते मुद्दाम. दामलेबाई कुणालाही घरात घेत नाहीत. बेल वाजवली की त्या बाहेर येतात, दार मागे ओढून घेतात आणि जे काय बोलायचं ते जिन्याशी बोलतात. मिस्टर दामले वीज मंडळातले निवृत्त इंजिनियर. ते कधी खाली दिसत नाहीत. गॅलरीत उभे असतात, पण नमस्कार केला तर बघून न बघितल्यासारखं करतात. नवरा शिष्ट आणि बायको विक्षिप्त, असा सोसायटीचा शेरा होता, आणि तो माझाही होता.

तालमी पार्किंगमध्ये झाल्या. बाईंनी कुणालाच सोडलं नाही. मी खराडीच्या ऑफिसातून तास दीड तासाचा ट्रॅफिक खाऊन यायचो तो गाडीतून उतरायच्या आत माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायच्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचा चेहरा उपयोगाचा नाही. पाठ चांगली आहे." अशा रीतीनं मला चौथा देखावा मिळाला. मी रोमँटिक. प्रेक्षकांकडे पाठ करून, लांब कोट घालून, डोक्याला हॅट, एका ठोकळ्यावर उभं राहायचं. समोर निळीकाळी चादर, बाजूनं मोठा पंखा.

"आणि टँकर कुठे आहे?" मी विचारलं.

"टँकर येणार नाहीये. तोच विषय आहे."

कोटासाठी मला त्यांनी शनिवार पेठेत भाड्यानं कपडे देणाऱ्याकडे पाठवलं. दुकानदारानं वर न बघता विचारलं, "नाटक कुठलं?" मी म्हटलं, नाटक नाही, चित्र आहे. त्यानं तेव्हा वर बघितलं. "मग रंगवून घ्या. भाडं वाचेल." पण कोट चांगला दिला, घोट्यापर्यंत येणारा, जाड, करड्या रंगाचा. हॅट मात्र उंदरानं कुरतडलेली होती. बाई म्हणाल्या, मागून दिसत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पार्किंग भरलं. पहिला देखावा बरोक. सगळे दिवे घालवले, नुसता एक हॅलोजन डावीकडून लावला. मधे टँकर म्हणून निळं पिंप, पाइप हातातून निसटलेला, घाटपांडे मागे कोसळताहेत, दोघं त्यांना धरताहेत, एक बाई बादली उंचावून ओरडतेय, तोंडं अर्धी उजेडात आणि अर्धी काळोखात. ही रोजची माणसं होती. यांच्याकडून मी मेंटेनन्सच्या पावत्या घेतल्या आहेत. पण त्या उजेडात ती अशी दिसली की समोरच्या रांगेत कुणी हललं नाही. घाटपांड्यांच्या मिसेस तेवढ्या म्हणाल्या, "अहो, कंबर." त्यांना ते खरंच पडताहेत असं वाटलं होतं.

दुसरा रोकोको. पाणी भरपूर, काम काही नाही. मंजिरी मुलांच्या बागेतून आणलेल्या झोपाळ्यावर, आमचेच पडदे अंगाभोवती गुंडाळून. भोवती गुलाबी ओढण्या, बादल्यांत पाण्याऐवजी शेवंती, आणि पिंपामागून टँकरचा ड्रायव्हर चोरून बघतोय. ड्रायव्हर तो भाडेकरूच होता. लोक हसले, टाळ्या पडल्या. बाई माइकवरून शांतपणे म्हणाल्या, "आवडलं ना? सगळ्यांनाच आवडतं. म्हणून तर पुढच्या पिढीला राग आला."

तिसरा निओक्लासिकल. अख्खी कमिटी पांढऱ्या चादरी नेसून एका ओळीत ताठ. सगळ्यांचे उजवे हात समोर, घाटपांड्यांच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे. प्रत्येक फ्लॅटला सारखंच पाणी मिळेल अशी शपथ. कोपऱ्यात माना टाकून बसलेल्या बायका. "इथे घोटाळा नाही, सावली नाही, शंका नाही," बाई म्हणाल्या. "कर्तव्य आहे. रडायचं असेल त्यानं उजव्या कोपऱ्यात." मी पडद्यामागे ठोकळ्यावर चढून उभा होतो. तिसऱ्याच्या टाळ्या ऐकल्या, दिवे गेले, पंखा सुरू झाला. पडदा सरकल्याचा आवाज आला.

मला मागे वळायची बंदी होती. मी चादरीकडे बघत उभा राहिलो. कोट फडफडत होता. बाई बोलायला लागतील म्हणून वाट बघत होतो, पण माइक गप्प. मला वाटलं हाच परिणाम असेल. आणखी थोडा वेळ गेला. लोकांत कुजबुज सुरू झाली, खुर्च्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "हे किती वेळ आहे?" मी मनात आभाळ मोठं आणि माणूस लहान असं म्हणत टिकून राहिलो. मग घाटपांड्यांचा आवाज आला, अंगावरच्या पांढऱ्या चादरीसकट माइकवर आलेले असणार. "काही कारणानं बाई गेल्या आहेत. आपण अंताक्षरी सुरू करू. वैद्य, उतरा तुम्ही."

मी उतरलो. बाई गेल्या कशा हे कुणालाच कळलं नव्हतं. फोन आला, बघितला, माइक खुर्चीवर ठेवला आणि जिन्याकडे गेल्या, एवढंच पहिल्या रांगेनं पाहिलं होतं. जी बाई मयताला आलेली असतानाही उजेड नीट केल्याशिवाय हलली नाही, ती आपल्या विषयाचा शेवटचा भाग टाकून गेली, हे मला पटेना. मंडळी चिडली होती. "आपल्याला उघडं पाडून निघून गेली," घाटपांडे म्हणाले. ते चादरीत असल्यामुळे ते वाक्य फार खरं वाटलं. मी तसाच, कोट-हॅटमध्ये, वर गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कुणीतरी रडत होतं, आणि तो आवाज बाईचा नव्हता. मी दार ढकललं.

पहिल्यांदा दिसल्या त्या भिंती. चित्रकलेवर आयुष्य काढलेल्या बाईंच्या घरात किती चित्रं असतील, याची मी कधीतरी कल्पना केली होती. भिंती मोकळ्या होत्या. जागोजाग खिळे, आणि खिळ्यांखाली फ्रेमच्या आकाराचे फिके चौकोन. मिस्टर दामले खुर्चीत आखडून बसले होते. त्यांना सांभाळणाऱ्या सुनंदाबाई मागे उभ्या. दामलेबाई जमिनीवर, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून. "मी नाही जाणार त्यांच्याबरोबर," ते म्हणत होते. "हात पुढे करून उभे आहेत सगळे. मला न्यायला आलेत. तू त्यांना सांग."

"सांगितलं मी. गेले ते," बाई म्हणाल्या.

मग मिस्टर दामल्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसलो. मी चटकन मागे सरलो. पण ते रडायचे थांबले. माझ्या कोटाकडे बघत राहिले, मग हळूहळू उठले.

"आलात?" ते म्हणाले. "या, या. केव्हाचे उभे होतात."

मला वाटलं, यांनी मला गॅलरीतून ठोकळ्यावर पाहिलं. मी खरं ते सांगितलं. "हो, बराच वेळ उभा होतो."

"वारा होता ना?"

"होता."

"समुद्राचा वारा वाईट," ते म्हणाले आणि माझा हात धरून मला खुर्चीकडे घेऊन आले. तेव्हा जेवणाच्या टेबलामागे टांगलेली एकुलती एक फ्रेम मला दिसली. साधा छापील कागद, काच लावलेला. राखाडी समुद्र, वर ढग, आणि किनाऱ्यावर आमच्याकडे पाठ करून उभा असलेला, लांब कोटातला एक माणूस.

त्यांनी मला बसवलं तसा मी बसलो. ते समोर बसून माझा चेहरा निरखायला लागले. "तोंड आज बघतोय तुमचं," म्हणाले. "बरं आहे."

"अगं, चहा टाक," त्यांनी बाईंना सांगितलं. "आणि यांचा कोट घे. ओला असेल."

मी कोट काढला. बाईंनी तो घेतला, हातानं चाचपला. खडखडीत कोरडा कोट होता तो. त्या गॅलरीत गेल्या, कोट दोनदा जोरात झटकला आणि दोरीवर पसरून चिमटे लावले. मग स्वयंपाकघरात गेल्या. मी कप आणायच्या निमित्तानं मागे गेलो.

"भिंतीवरून आधी बरोक उतरवलं," गॅसकडे बघत त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असावा तसाच होता. "अंधारातून तोंडं बाहेर येतात, त्यांना घरात माणसं शिरल्यासारखं वाटायचं. मग निओक्लासिकल. तलवारी, हात पुढे केलेले. म्हणाले, पकडायला आलेत. रोकोको मला वाटलं राहील, तर 'त्या मुली मला हसतात' म्हणून हे जेवेनात. तेही काढलं. हा एकच राहिला. तो बघत नाही ना इकडे. याची उलट त्यांना काळजी वाटते. रोज म्हणतात, त्याला आत बोलव, बाहेर गार आहे." त्यांनी साखर घातली. "इतकी वर्षं वर्गात घसा कोरडा केला. चार शैलींतला फरक इतका नेमका एकालाही कळला नव्हता. यांना न शिकवता कळला."

"बाई, तुम्ही कुणाला सांगितलं नाही कधी."

"सांगितलं की लोक भेटायला येतात. नवीन चेहरा दिसला की हे रात्रभर जागतात. म्हणून मीच दारात येते." चहा गाळत म्हणाल्या, "आज गॅलरीचं दार बंद ठेवायला सांगायचं राहिलं माझं. वरून सगळं दिसत असणार. बरोक बघून आत आले होते म्हणे. मग त्या शपथेला पुन्हा बाहेर गेले. मला सुचायला हवं होतं. मी तुमच्या हनुवट्या वळवत बसले."

खाली अंताक्षरी रंगात आली होती. मी कप उचलले.

चहा झाला. दामल्यांनी मला माझ्या घरच्यांबद्दल विचारलं, मुलगी काय शिकते विचारलं, वारज्याला राहतो म्हटल्यावर म्हणाले, लांब पडतं तुम्हाला. मी हो म्हणालो. बाई टेबलाच्या कडेला उभ्या राहून आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होत्या, आणि माझी खात्री आहे की त्या कसलीही तुलना करत नव्हत्या.

मग दामल्यांची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेली. तिथे तो माणूस होता तसाच उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा ओढला गेला.

"आणि हे?" त्यांनी विचारलं. "हे नाही आले?"

चित्राबद्दल कुणी एक शब्द चुकीचा बोललं तर जिन्यात थांबवून दुरुस्त करणाऱ्या दामलेबाई शांतपणे म्हणाल्या, "ते यांचे धाकटे भाऊ. येतील मागून."

दामल्यांनी मान डोलावली.

"मग त्यांच्यापुरता चहा ठेव."

बाईंनी पातेल्यात उरलेला चहा एका कपात ओतला, आणि निवू नये म्हणून त्याच्यावर बशी झाकून ठेवली.